विनातारण कवी

माणसाने बँकेत नोकरी करावी आणि वर विनोदी लेख लिहावेत, असा दुहेरी गुन्हा केला की शिक्षा ठरलेली असते. त्याला भाषणाला बोलावतात. बँकेत आहे म्हणजे वेळेवर येईल आणि विनोदी लिहितो म्हणजे मानधन मागणार नाही, असा लोकांचा हिशेब असतो. माझ्या बाबतीत दोन्ही अंदाज आजवर बरोबर निघाले आहेत.

मी मौद्याच्या शाखेत काउंटरवर बसतो. नागपूरहून रोज एसटीने येतो आणि एसटीनेच परत जातो. गेल्या ५ मेला मात्र संध्याकाळी थांबावे लागले. १९१८ साली याच तारखेला बालकवी ठोंबरे गेले, म्हणून गावातल्या एका वाचनालयात त्यांच्या पुण्यतिथीचा कार्यक्रम होता. मे महिना, मौदा आणि डोक्यावर पत्र्याचे छप्पर. ज्या कवीचे नाव घेताच माणसाला श्रावणसरी आठवतात, त्याच्यावर पंचेचाळीस अंशांत बोलायचे म्हणजे एकादशीच्या दिवशी पुरणपोळीवर प्रवचन करण्यासारखे होते. सभागृहात एक कूलर होता. तो चालू केला की वक्ता ऐकू येत नसे आणि बंद केला की वक्ता सहन होत नसे. श्रोत्यांनी बहुमताने कूलर चालू ठेवला.

वक्ते चार. चौथा मी. बालकवी थोर का, हा विषय.

पहिले वक्ते निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी डोळे मिटून सांगितले, "अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी काळाने झडप घातली, म्हणूनच बालकवी अमर झाले!" यातल्या 'म्हणूनच'वर त्यांनी असा जोर दिला, की पुढच्या रांगेतला एक झोपलेला गृहस्थ जागा झाला.

दुसरे वक्ते समाजकार्य करणारे. ते म्हणाले, "बालकवींनी शंभर वर्षांपूर्वीच आपल्याला पर्यावरणाचा संदेश दिला. त्यांना खरी श्रद्धांजली म्हणजे प्रत्येकाने एक औदुंबर लावणे." टाळ्या झाल्या. औदुंबर कोणी लावला असेल असे वाटत नाही, पण टाळ्या झाल्या.

तिसरे एक तरुण प्राध्यापक. त्यांनी सरळ दांडपट्टाच फिरवला. "देश पारतंत्र्यात. जगात महायुद्ध पेटलेले. आणि हे गृहस्थ काय करताहेत, तर फुलाचे लग्न लावताहेत! हे पलायन आहे. कविता गोड आहे, पण थोर नाही."

मग माझा नंबर. अध्यक्षांनी चिठ्ठी सरकवली: 'पाच मिनिटे. हलकंफुलकं.' मी बँकेतले दोन विनोद सांगितले, लोक हसले, मी खाली बसलो. चहा झाला.

वाचकहो, माझा असा अनुभव आहे, की भांडणात जे बोलायला हवे होते ते परतीच्या बसमध्ये सुचते. साहेबाला द्यायचे उत्तर तर मला बहुधा दोन दिवसांनी आंघोळीच्या वेळी सुचते. त्या रात्री शेवटच्या एसटीत, खिडकीची काच खडखडत असताना, मला एकदम लक्षात आले की या तिघांच्या तीन मतांवर मी गप्प बसलो आणि तिन्ही मते चूक आहेत. पारडीचा नाका येईपर्यंत माझे आख्खे भाषण तयार झाले होते. शेजारच्या सीटवर एक कोंबड्यांची टोपली होती, तिला मी ते मनातल्या मनात ऐकवलेसुद्धा. तेच आता इथे करतो. तुम्ही मधूनच उठून गेलात तरी मला दिसणार नाही, ही लेखनाची मोठी सोय आहे.

आधी मुख्याध्यापक.

सर, तुमचा पहिला आकडाच चुकला. बालकवींचा जन्म १३ ऑगस्ट १८९०, धरणगावचा. मृत्यू ५ मे १९१८. म्हणजे वय सत्तावीस वर्षे, आठ महिने आणि बावीस दिवस. बँकेत असे पुढचे पूर्ण वर्ष धरून व्याज लावले तर तपासणीला आलेला माणूस आमच्या अंगावर येतो. साहित्यात मात्र माणूस मेला की त्याचे वय सोयीप्रमाणे गोल करतात.

पण आकडा राहू द्या. तुमचा युक्तिवाद काय? लवकर गेला, म्हणून थोर. हे खरे असते तर थोरवी मिळवणे फार सोपे झाले असते. इंग्रजीतला कीट्स १८२१ साली पंचविसाव्या वर्षी गेला, शेली पुढच्याच वर्षी एकोणतिसाव्या वर्षी बुडाला, हे सगळे खरे. पण त्यांच्याच पंथाचा मोठा धनी वर्ड्‌स्वर्थ पुरती ऐंशी वर्षे जगला. नुसता जगला नाही, तर १८१३ पासून त्याने मुद्रांकवाटपाची सरकारी नोकरी केली! हे मला ज्या दिवशी कळले, त्या दिवशी मी स्टँपपेपर विकणाऱ्याकडे आदराने पाहिले. आपल्याकडे केशवसुत १९०५ साली हुबळीला प्लेगने गेले, वय एकोणचाळीस. ते प्लेगमुळे थोर झाले असे म्हणण्याची कोणाची छाती नाही. भा. रा. तांबे १९४१ पर्यंत होते, त्यांना अकाली मृत्यूची मुळीच मदत झाली नाही. तरी लोक त्यांची गाणी गातातच.

मग बालकवींच्याच बाबतीत मरण का पुढे करायचे? कारण भादली स्टेशनाजवळचा तो रेल्वेचा अपघात. रेल्वे आली की आपल्याला काहीतरी गूढ वाटू लागते. सकाळची पॅसेंजर पकडणाऱ्याला विचारा किती गूढ असते ते. आता असे पाहा. बालकवींना ज्यांनी घरच्यासारखे सांभाळले ते रेव्हरंड ना. वा. टिळक एकदा नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. त्या गाडीत एका परक्या सहप्रवाशाने त्यांच्या हाती बायबल ठेवले आणि टिळकांचे आयुष्यच बदलले. तो रुळ आमच्या मौदा तालुक्यातून जातो. तारसा, रेवराल ही स्टेशने त्याच्यावरचीच. म्हणजे एका गाडीने टिळक घडवले आणि दुसऱ्या गाडीने ठोंबरे नेले. एवढ्यावरून मराठी कवितेची थोरवी रेल्वे खात्याकडे जमा करायची काय?

खरी गोष्ट सांगू? मरण हे आपण कवितेला तारण म्हणून मागतो. आमच्याकडे कर्ज मागायला आलेल्या माणसाला आम्ही विचारतो, तारण काय? शेत आहे, घर आहे, बायकोचे दागिने आहेत? तसा वाचक कवीला विचारतो, बाबा रे, तुझी कविता चांगली आहे म्हणतोस, पण तारण काय? दारिद्र्य आहे? दारू आहे? प्रेमभंग? अकाली मृत्यू असेल तर लगेच मंजूर! पण सर, तारण बघून कर्ज देणाऱ्याला माणूस ओळखावा लागत नाही, आणि मरण बघून मोठेपण देणाऱ्याला कविता वाचावी लागत नाही. म्हणून तर ही पद्धत एवढी लोकप्रिय आहे.

दुसऱ्या वक्त्यांचा मुद्दा संदेशाचा.

हा संदेश आमच्या घरात एकदा फार महाग पडला आहे. माझी मुलगी शाळेत असताना तिला 'औदुंबर' कवितेवर प्रश्न आला: कवितेतून कवी काय सांगतो? गाइडात उत्तर होते, की कवी निसर्गप्रेमी आहे, निसर्ग आपला मित्र आहे, औदुंबर हा विरक्त साधूसारखा आहे व त्याप्रमाणे आपणही मोहापासून अलिप्त राहावे. माझ्या मुलीने लिहिले: 'या कवितेत काहीच घडत नाही. गावात माणूस दिसत नाही. शेवटी झाड येते तेव्हा थोडी भीती वाटते, पण तिथून जावेसे वाटत नाही.' चारापैकी एक गुण. तोसुद्धा अक्षरासाठी असावा.

त्या रात्री ती जेवली नाही. मी तिला म्हणालो, "जाऊ दे गं, पुढच्या वेळी गाइडातलं लिही." वाचकहो, बँकेत मी आजवर हजाराच्या पटीत नोटा मोजल्या, क्वचित चुकलो. पण हे वाक्य बोलताना मी जेवढा चुकलो, तेवढा कॅशमध्ये कधी चुकलो नाही. कारण पोरीने कविता वाचली होती आणि मी तिला ती न वाचण्याचा सल्ला दिला. त्यानंतर तिने कवितेवर स्वतःचे वाक्य लिहिल्याचे मला आठवत नाही. गुण मात्र चांगले पडू लागले.

तेव्हा संदेशवाल्यांना माझे हात जोडून सांगणे आहे. झाडे जरूर लावा. मौद्याच्या उन्हात सावली कोणाला नको आहे? इथे औष्णिक वीज प्रकल्पाच्या चिमण्या लांबून दिसतात, एखादा उंबरही दिसला तर आनंदच आहे. पण झाडे लावायला बालकवी लागत नाहीत, वन खाते पुरते. कवितेतला 'संदेश' काढून घेतल्यावर जर कवितेचे काम संपत असेल तर ती तार होती, कविता नव्हती. आणि तारसुद्धा आता २०१३ पासून बंद झाली.

आता प्राध्यापक. हे तिघांतले हुशार, म्हणून त्यांच्याशी जपून भांडायला हवे.

ते म्हणतात, पलायन. महायुद्ध चालू असताना फुलाचे लग्न. बरे, मी विचारतो, १९१४ ते १९१८ या काळात महायुद्धावर लिहिलेल्या मराठी कवितांपैकी तुम्हांला तोंडपाठ किती आहेत? 'फुलराणी' मात्र अशी टिकली, की १९७५ साली पु. लं.नी फुले विकणाऱ्या मुलीचे नाटक मराठीत आणले, तेव्हा 'ती फुलराणी' एवढे नाव सांगून पुरले.

आणि हे लग्न म्हणजे हवेतल्या गप्पा आहेत असे समजू नका. मी बहिणींची आणि मेहुण्यांची मिळून सात लग्ने निभावलेला माणूस आहे. लग्नात कोणते काम कोणाकडे, हे ठरलेले नसले तर काय होते ते मला ठाऊक आहे. बालकवींच्या लग्नात सगळे चोख आहे. नाचायला भारद्वाज, पखवाजावर झरा, नवरदेव सूर्याचा किरण आणि मध्ये धरायचा अंतरपाट दवाचा. आता दवाचाच का? कारण किरण आला की दव उडते, आणि दव उडाले की अंतरपाट आपोआप दूर होतो. भटजींनी सांगायची गरज नाही. प्राध्यापक महाशय, याला स्वप्नरंजन म्हणायचे की पहाटेचे पक्के निरीक्षण? ज्याने पहाटे गवतावरचे दव नाहीसे होताना नीट पाहिलेले नाही, त्याला हा अंतरपाट सुचायचा नाही.

शिवाय पळून जाणारा माणूस सुखाकडे पळतो. याच कवीने एका पडक्या धर्मशाळेच्या कौलावर बसलेला पारवा लिहिला आहे. भिंत खचलेली, खांब कललेला, आणि तो आपला एकटाच घुमतोय. आमच्या शाखेच्या झरोक्यातही पारवे आहेत. आजवर त्यांच्याबद्दल मी फक्त साफसफाईचा अर्ज लिहिला होता. ती कविता वाचल्यापासून दुपारी गर्दी ओसरली, की तो घुमण्याचा आवाज मला निराळाच ऐकू येतो. दुसऱ्या एका कवितेत तर बालकवी सरळ कबूल करतात, की मला ही उदासी कुठून येते ते कळत नाही. कळत नाही, हे सांगायला किती धैर्य लागते, ते आम्हा नोकरदारांना विचारा. आम्ही रजेच्या अर्जातसुद्धा कारण लिहितो. 'पोटदुखी' लिहितो. 'उदास वाटते' असे कारण लिहून रजा मंजूर झाल्याचे उदाहरण आमच्या बँकेत नाही. बालकवींनी पोटदुखीचे कारण दिले नाही. ज्याला कारण सापडले नाही, त्याला खोटे कारण चिकटवले नाही.

इथे माझे तिघांशी भांडण संपते आणि माझी जबाबदारी सुरू होते. हे नाही, ते नाही, असे सांगणे सोपे असते. मग थोर कशामुळे, ते सांगा की राव!

सांगतो. आठ ओळींची 'औदुंबर' घ्या. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, मला कविता हिशेबासारखी वाचायची सवय. पहिल्यांदा मी तिच्यातल्या नोंदी तपासल्या. झरा आहे, त्याचा रंग दिला आहे, निळा आणि सावळा यांच्या मधला. दोन्ही काठांवर हिरवळ. पलीकडे टेकडीशी गाव, घरे किती, तर चार. पुढे शेते, हिरवी. त्यांतून जाणारी पायवाट पांढरी, आणि ती सरळ नाही, वाकडीतिकडी. ती जाते कुठे, तर डोहाकडे. डोह काळा. एकेक नोंद नावानिशी, रंगानिशी, जागेवर. एक आकडा खोडलेला नाही, एक रकाना रिकामा नाही. लोक म्हणतात, असे कवी भावनेच्या भरात वाहून जातात. वाहून जाणाऱ्याला घरे मोजता येत नाहीत. आणि या सगळ्यात 'मी' कुठेच नाही. मला वाटले, माझे मन भरून आले, असे एकदाही नाही. निळ्यातून हिरव्यात, हिरव्यातून पांढऱ्यावर आणि पांढऱ्यावरून काळ्यात, असे आपले डोळे तो नुसता नेत राहतो.

मग सगळ्यात शेवटी झाड येते. जिच्यासाठी हा सगळा हिशेब मांडला ती शेवटची नोंद. झाडाचे पाय पाण्यात आहेत, एवढे कळते. आता अपेक्षा अशी की इथे सगळ्यांत मोठे विशेषण येणार. विशाल, गंभीर, पुरातन, निदान हिरवागार. पण झाडाच्या नावाआधी शब्द येतो तो तीन अक्षरी. असला.

आमच्या वेळी आम्हांला शिकवताना सर म्हणाले होते, "मात्रा कमी पडत होत्या, म्हणून तो शब्द घातलाय." म्हणजे संध्याकाळी कॅश कमी भरली म्हणून खिशातून टाकलेले सुट्टे पैसे! मी कितीतरी वर्षे तसेच समजत होतो. त्या रात्री एसटीतही माझे भाषण इथपर्यंतच आले होते. शब्द खटकत होता, पण का ते सांगता येत नव्हते.

ते मला पुढच्या आठवड्यात काउंटरवर कळले.

दुपारची वेळ. सर्व्हर बंद. अशा वेळी आम्ही गिऱ्हाइकाकडे आणि गिऱ्हाईक आमच्याकडे पाहत बसते. समोर एक म्हातारा शेतकरी आला. धानाचे दोन एकर, अंगात बंडी, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले पासबुक. बायको वारली होती, तिचे खाते बंद करायचे होते. मृत्यूचा दाखला वगैरे सगळे बरोबर आणले होते. मी अर्ज पुढे केला.

"फोटू बी लावा लागते का जी साहेब?"

"नाही बाबा, पासबुकावर आहे ना फोटो."

त्याने पासबुक उघडले. फोटो खाते उघडताना काढलेला, शिक्का नेमका कपाळावर पडलेला, डोळे उन्हाने बारीक झालेले. म्हातारा बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "ह्याच्यात थे तशी नाई दिसत जी."

सर्व्हर यायला अवकाश होता म्हणून मी विचारले, नाहीतर विचारले नसते. "मग कशा होत्या हो?"

"कशी म्हंजे..." तो थांबला. डोक्यात शोधल्यासारखे केले. मग त्याचा उजवा हात मांडीवरून उठला, काचेच्या उंचीपर्यंत आला आणि तिथे थोडा वेळ तसाच राहिला. "अशी होती जी," तो म्हणाला.

तो उंची दाखवत होता म्हणाल, तर नाही. काहीच दाखवत नव्हता. चाळीस-पन्नास वर्षे एका घरात राहिलेल्या माणसाबद्दल त्याच्याकडे सांगण्यासारखे इतके होते की त्याला एकही विशेषण पुरले नाही. मायाळू म्हटले असते तर मी मान डोलावली असती आणि विसरलो असतो. कष्टाळू म्हटले असते तर तेही विसरलो असतो, अर्जावर सगळ्याच मयत बायका कष्टाळू असतात. तो 'अशी' म्हणाला आणि हात हवेत धरला. तिला मी कधी पाहिले नव्हते, तरी त्या हाताच्या पलीकडे कोणीतरी आहे असे मला वाटले.

तेव्हा माझ्या डोक्यात तो तीन अक्षरी शब्द उजेडासारखा लागला. मात्रा बिलकूल कमी पडत नव्हत्या. कमी पडत होती ती विशेषणे. ज्या कवीने चार घरे मोजली, वाटेचा रंग सांगितला, पाण्यावर पसरलेली काळोखी टिपली, त्याला झाडासाठी एक रंग सापडला नसता काय? पण तिथे आल्यावर तो म्हातारबाबांसारखा थांबला. हात वर केला आणि म्हणाला, असला. तो अर्धवट बोलला असे कोणाला वाटू नये. त्याने आधीचे सगळे इतके नेमके दाखवले, की शेवटी नुसते बोट दाखवले तरी आपल्याला झाड दिसते. आधीच्या नोंदी ढिल्या असत्या तर हेच बोट हवेत फिरले असते.

माझ्या मते अशा कवीची थोरवी ही एवढीच, आणि ही फार मोठी आहे. जेवढे दिसते तेवढे कुठेही गोलमाल न करता नीट पाहायचे, आणि जिथे शब्दांची शिल्लक संपते तिथे खोटा चेक न फाडता प्रामाणिकपणे थांबायचे. भावना सगळ्यांनाच येतात. माझ्या साहेबांनासुद्धा वार्षिक तपासणीच्या वेळी अतिशय तीव्र भावना येतात. भावना आली म्हणून कोणी कवी होत नाही. ती आल्यावरही ज्याचे डोळे स्वच्छ राहतात आणि जीभ आवरते, तो. त्याला ना मरणाचे तारण लागते, ना संदेशाचा जामीन.

आणखी एक गोष्ट मला त्या दिवशी आठवली. १९०७ साली जळगावला पहिले कविसंमेलन भरले, तिथे जेमतेम सोळा-सतरा वर्षांच्या ठोंबरेंना 'बालकवी' ही पदवी मिळाली. देणारे अध्यक्ष कर्नल कीर्तिकर. हे कीर्तिकर लष्करातले डॉक्टर आणि वनस्पतिशास्त्रातले मोठे जाणकार. भारतातल्या औषधी वनस्पतींवरचा त्यांचा आणि बसूंचा थोरला ग्रंथ १९१८ मध्ये निघाला, म्हणजे बालकवी गेले त्याच साली. उंबराचे पान कसे, साल कशी, फळ कसे लागते, हे ज्यांना पुरेपूर माहीत होते, त्या माणसाने या पोराच्या डोक्यावर हात ठेवला. ज्याला झाड ठाऊक, त्यालाच पोराची नजर ओळखता आली असेल, असे मला वाटते. शास्त्रज्ञाने सगळे सांगून झाड दाखवायचे आणि कवीने आजूबाजूचे सगळे सांगून झाडाबद्दल गप्प राहायचे. दोघांचाही हिशेब चोख. पदवी तेवढी घातक निघाली. 'बाल' म्हटल्यामुळे आपण त्यांना जे पाळण्यात ठेवले, ते अजून खाली उतरवलेले नाही.

म्हाताऱ्याचे काम झाले. सर्व्हर आला, खाते बंद झाले, शिल्लक रक्कम त्याच्या खात्यात वर्ग केली. पासबुक रद्द करून ठेवून घ्यायचे असा नियम आहे. मी शिक्का मारला आणि फोटोचे पान हळूच कापून त्याला दिले. तपासणीत निघाले तर उत्तर द्यावे लागेल. कारण काय लिहायचे ते अजून ठरवलेले नाही. बहुधा पोटदुखी लिहीन.

घरी येऊन मुलीला हे सगळे सांगितले. ती आता मोठी झाली आहे, बी.कॉम. करते आहे. बापाचा वारसा, दुसरे काय. ती ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "बाबा, हे तर मी तेव्हाच लिहिलं होतं. झाडाची भीती वाटते, पण जावंसं वाटत नाही."

"हो," मी म्हणालो. "मी चुकलो."

"किती गुण देता आता?"

"चारापैकी चार."

"आणि अक्षराचा?"

"तो तुझ्या बाईंनी आधीच दिलाय."

परवा वाचनालयाच्या चिटणीसांचा फोन आला. पुढच्या ५ मेलाही यायचे आहे, वेळ पाच मिनिटे, हलकंफुलकं. मी त्यांना कळवले आहे, की येतो. पाच मिनिटे नकोत, मला एकच शब्द बोलायचा आहे. फक्त तेवढ्यापुरता कूलर बंद ठेवा.